अनंताचे बावीस शेंडे

मोगऱ्याची फांदी पेराच्या वर पाच मिलिमीटरवर कापावी. कापाला किंचित उतार असावा, म्हणजे त्यावर पाणी थांबत नाही. पेराच्या अगदी लगत कापले तर तिथला कोंब सुकतो. फार वर कापले तर उरलेला खुंट वाळतो आणि ती वाळ हळूहळू खाली उतरते. यंदाच्या जानेवारीत मी पहिल्या मोगऱ्यावर घेतलेला पहिला काप पेरापासून अकरा मिलिमीटरवर होता. दुसऱ्या मोगऱ्यावर चौदा. तिसऱ्यावर तर एक काप थेट पेरातूनच गेला.

मित्रांनो, मी एक जुनी छाटणीची कात्री आहे. माझे वय एकतीस वर्षे. मरोळमध्ये एका तीन मजली इमारतीच्या तळमजल्यावर, मागच्या दाराशेजारच्या खिळ्याला मी लटकलेली असते. कात्रीला मिलिमीटर कसे कळतात, असे तुम्ही विचाराल. उत्तर सोपे आहे. ज्याने मला घडवले त्याचे सारे आयुष्य मोजण्यात गेले, आणि ती सवय माझ्या पात्यात उतरली.

त्यांचे नाव कुंडलिक. जालन्याकडून वयाच्या अठराव्या वर्षी ते मुंबईला आले आणि मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका टूलरूममध्ये फिटर झाले. तिथे धातूचे साचे बनत. दोन भागांत केसाएवढी फट राहिली तरी साचा परत येई. कुंडलिक ती फट आधी डोळ्यांनी पाहत, मग बोटाने चाचपत, आणि मोजायचे उपकरण सर्वांत शेवटी हातात घेत. उपकरणाचे उत्तर त्यांच्या उत्तराशी जुळे. सगळी टूलरूम त्यांच्या नजरेवर विसंबून असे. त्यांचाही त्या नजरेवर भरवसा होता, जरा जास्तच.

माझा जन्म विमलाताईंमुळे झाला. विमलाताई म्हणजे कुंडलिक यांच्या पत्नी. त्यांनी हातगाडीवरून मोगऱ्याचे एक रोप घेतले, घरामागच्या दोन मीटर रुंद पट्टीत रंगाच्या रिकाम्या डब्यात लावले, आणि दुधाच्या पिशव्या कापायच्या कात्रीने त्याच्या फांद्या छाटल्या. ती कात्री फांदी कापत नव्हती, चेंगरत होती. चेंगरलेली टोके तपकिरी पडून सडू लागली.

"अहो, एवढं लोखंड असतं तुमच्या कारखान्यात," विमलाताई म्हणाल्या. "एक धड कात्री होत नाही?"

"होते की."

"मग करा. नुसतं होते म्हणून मोगरा फुलत नाही."

तीन आठवडे जेवणाच्या सुटीत, फोरमनला विचारून, कुंडलिक यांनी मला घडवले. ट्रकच्या मोडक्या कमानीच्या पाट्यातून माझे पाते निघाले. ते चेरीसारखे लाल होईपर्यंत तापवले, तेलात बुडवले, मग पुन्हा हलक्या आचेवर वाळक्या गवताचा रंग येईपर्यंत ठेवले. असे केले नाही तर पोलाद कडक होते खरे, पण काचेसारखे तुटते. माझ्या समोरच्या आकड्याला, म्हणजे फांदी अडवून धरणाऱ्या दुसऱ्या पात्याला, त्यांनी बाक दिला. माझ्या मुठींना सायकलची ट्यूब गुंडाळली. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यात वर्तमानपत्राचा कागद धरला. आवाज न होता त्याचे दोन तुकडे झाले.

विमलाताईंनी ते तुकडे उजेडात धरून पाहिले. "चालेल," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून याहून मोठी स्तुती मी आजवर ऐकलेली नाही.

त्यानंतरची वर्षे माझ्या वैभवाची. मागणी विमलाताईंची होती, पण मला चालवत मात्र फक्त कुंडलिक. एका डब्याचे तीन मोगरे झाले. निळ्या पिंपाच्या अर्ध्या भागात सोनचाफा आला. कोपऱ्यात मे महिन्यात लाल चेंडूसारखे फुलणारे कंद आले. ते वर्षभर जमिनीखाली झोपतात आणि उन्हाने माती तापली की उठतात. ही सगळी उन्हाळ्यात फुलणारी आणि वर्षानुवर्षे टिकणारी झाडे. त्यांना दरवर्षी नव्याने पेरावे लागत नाही, मात्र प्रत्येकाचे वेळापत्रक पाळावे लागते.

मोगऱ्याचे वेळापत्रक मला पाठ आहे. मोगऱ्याला फूल नव्या फुटव्यावरच येते. म्हणून डिसेंबरच्या मध्यावर त्याचे पाणी तोडायचे. पाने पिवळी पडतात, गळतात, शेजारी हळहळतात. तरी पाणी द्यायचे नाही. जानेवारीत माझे काम. फांद्या अर्ध्यावर आणायच्या, उरलेली पाने खुडायची, माती मोकळी करून दोन दिवस उन्हात तापू द्यायची, मग शेणखत आणि भरपूर पाणी. मार्चच्या मध्यावर पहिल्या कळ्या दिसतात. या छाटणीला लोक घाबरतात. मी घाबरत नाही. वेळेवर घेतलेला स्वच्छ काप झाडाला बळ देतो, हे मी तीस हिवाळे पाहिले आहे.

अनंताचे गणित मात्र उलटे आहे. अनंताच्या कळ्या थंडीतच शेंड्यांवर तयार होतात, गव्हाच्या दाण्यापेक्षाही लहान, हिरव्या आणि घट्ट. त्या एप्रिल-मेमध्ये उमलतात. म्हणून अनंताला जानेवारीत कात्री लावायची नाही. फुले संपल्यावर, जूनच्या अखेरीस लावायची. हा नियम इमारतीतल्या निम्म्या लोकांना कुंडलिक यांनीच शिकवला होता.

आमच्याकडचा अनंत दशरथ यांनी दिलेला. दशरथ शेजारच्या खोलीत राहतात. मूळचे सिंधुदुर्गातले, पूर्वी गिरणीत होते, नंतर बरीच वर्षे रिक्षा चालवली. गावाहून येताना त्यांनी ती काडी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली आणि वर बजावले, "माझ्या आयेच्या परड्यातलो अनंत आसा हो. मारलंस तर बघ."

परडे म्हणजे त्यांच्याकडे घरामागची बाग. तो अनंत मेला नाही. पुरुषभर उंच झाला. आणि त्याच्या फुलांना एक ठरलेली वाट मिळाली. वैशाख पौर्णिमेला, म्हणजे बुद्ध पौर्णिमेला, आमच्या घरातून गल्लीच्या टोकाच्या विहारात पांढऱ्या फुलांची परडी जाते. मोगरा असतो, पण मान अनंताचा. विहारात मुले रांगेत उभी राहतात आणि एकेक मूल एकेक अनंत बुद्धमूर्तीपुढे ठेवते. मागच्या वर्षी एक्केचाळीस फुले होती. ती मीच कापली, म्हणून आकडा नक्की आहे.

आता माझ्या पडत्या काळाविषयी सांगते.

पूर्वी दर रविवारी कुंडलिक मला पथरीवर धार लावत. आधी रॉकेलच्या फडक्याने चीक पुसायचे, मग तेलाचे दोन थेंब, मग पाते एकाच कोनात धरून फिरवायचे. चार वर्षांपूर्वी तो कोन हलू लागला. माझ्या कडेला बारीक बर राहू लागली, म्हणजे धातूची केसासारखी उलटलेली किनार. पूर्वी ती त्यांना खिडकीतल्या उजेडात दिसायची. आता दिसत नव्हती, आणि दिसत नाही असे ते म्हणतही नव्हते. हळूहळू रविवार चुकू लागले. दोन पावसाळे मी खिळ्यावर तशीच भिजले. माझ्या स्प्रिंगवर गंज चढला.

घरात हे सर्वांत आधी ओळखले ते त्यांच्या सुनेने. दर्शना अंधेरीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दिवसभर सूक्ष्मदर्शकात पाहणारी, बोलायला कमी. तिचा नवरा सुबोध विमानतळावर पाळीने काम करतो, त्यामुळे सासऱ्यांना दवाखान्यात न्यायचे काम तिच्याकडे आले. डॉक्टरांनी तीन वर्षांपूर्वीच सांगितले होते, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, डावा जास्त वाढलेला, ऑपरेशन करून घ्या. कुंडलिक "बघू" म्हणाले. मग पावसाळा जाऊ दे म्हणाले. मग थंडी. मग आंबे संपू देत. मागच्या तपासणीला डॉक्टरांनी बजावले की आता थांबलात तर भिंग कडक होत जाईल आणि साधे काम अवघड होईल. त्या दिवशी घरी आल्यावर विषय निघाला, तर कुंडलिक ताटावरून उठून मागच्या पट्टीत येऊन बसले.

त्यांना कशाची भीती होती हे मला ठाऊक आहे, कारण त्या संध्याकाळी मी त्यांच्या हातात होते. त्यांनी अंगठा माझ्या पात्यावर हळूच फिरवला. ज्याने जन्मभर पाती घडवली, त्याला पाते काय करू शकते ते चांगले ठाऊक असते. ते डोळ्याजवळ येऊ द्यायला त्यांचे मन तयार नव्हते.

तर असा तो यंदाचा जानेवारी. मोगऱ्यांची छाटणी कशीबशी झाली. ते अकरा, चौदा मिलिमीटरचे काप मी तुम्हाला सांगितलेच. त्यानंतर तीन दिवसांनी सकाळी आठच्या सुमारास कुंडलिक मला घेऊन पुन्हा बाहेर आले. ऊन कुंपणाच्या भिंतीवरून तिरके येत होते आणि अनंताची तुकतुकीत पाने चमकत होती.

"विमल, अनंताला पिठ्या लागलाय," ते म्हणाले.

पिठ्या म्हणजे पीठ सांडल्यासारखी दिसणारी पांढरी कीड. ती कोवळ्या शेंड्यांवर बसते आणि रस शोषते. लागलेली टोके कापून टाकणे हा तिच्यावर खरा उपाय आहे.

"काल तर नव्हता," विमलाताई आतून म्हणाल्या.

"काल तू बघितलंस?"

"पाणी मीच घातलं ना!"

"पाणी मुळाला घालतात. शेंड्याला कोण बघतं?"

आणि त्यांनी मला शेंड्याला लावले. एक, दोन, तीन. मित्रांनो, कात्रीला 'नको' म्हणता येत नाही. माझ्या पात्यांमध्ये आलेला प्रत्येक शेंडा स्वच्छ होता. हिरवा, ताठ, आणि टोकाला गव्हाच्या दाण्यापेक्षाही लहान कळ्या. पांढरे काहीही नव्हते. मी बावीस शेंडे कापले. कापले मीच, हे मी लपवणार नाही.

दर्शना कामाला निघाली होती. तिने खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर पडलेला एक शेंडा उचलला, पान उलटे केले, अंगठ्याने पुसले.

"बाबा, कीड कुठाय?"

"गळून पडली असेल."

"एकही राहिली नाही?"

"दर्शना, तुला लॅबला उशीर होईल."

तिने तो शेंडा डब्याच्या पिशवीत टाकला. संध्याकाळी ती परत आली तेव्हा मी खिळ्यावर होते आणि सासूसुना ओट्याशी होत्या.

"आई, मी मायक्रोस्कोपखाली बघितलं. काही नव्हतं. कीड नाही, अंडी नाहीत. नुसत्या कळ्या."

विमलाताईंचा हात पोळीवर थांबला. "मग त्यांना पांढरं काय दिसलं?"

"ऊन समोरून आलं की मोतीबिंदूत असंच होतं. सगळं धुरकट, पांढरं दिसतं. ते पांढरं झाडावर नव्हतं, आई."

"आत्ता बोलू नकोस. परत ताटावरून उठतील."

आणि दोघी गप्प राहिल्या. त्यांचे गप्प राहणे मायेचेच होते. पण मला विचाराल तर गंजही असाच गुपचूप चढतो.

मार्चमध्ये मोगरा फुलला, दरवर्षीच्या निम्मा. एप्रिलमध्ये सोनचाफ्याने लाज राखली. मे उजाडला, कंदांचे लाल चेंडू वर आले, आणि अनंत मात्र नुसता हिरवा. पानेच पाने. कुंडलिक रोज सकाळी झाडापाशी उभे राहत आणि रोज नवे कारण सांगत, जानेवारीतल्या कापांचे नाव मात्र काढत नसत. आधी खत कमी पडले. मग ऊन जास्त झाले. शेवटी दोष टँकरच्या पाण्यावर येऊन थांबला.

दशरथ कुंपणाच्या भिंतीवर कोपरे टेकून हे सगळे ऐकत. "काय रे कुंडलिका, अनंत यंदा गावाक गेलो काय?"

"पाणी खारट आहे टँकरचं."

"अरे, आमचो गाव समुद्राच्या काठाक. थंयसर फुलता, आणि तुझ्या टँकराक घाबारता?"

"तुला झाडातलं काय कळतं?"

"माका झाडातला कळणा नाय, पण दिसता सगळा. गेल्या वर्साक डोळ्याचा ऑपरेशन केलंय. अर्धो तास नाय लागलो. पट्टी काढल्यान तर बायको चाळीस वर्सांनी नीट दिसली." ते जरा थांबले. "तेवढीच एक चूक झाली बघ."

आतून दशरथ यांच्या बायकोचा आवाज आला, "ऐकलंय हां मी!" सगळे हसले. कुंडलिक हसले नाहीत.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी परडी बाहेर निघाली. विमलाताईंनी ती धुऊन उन्हात ठेवली. सुटी घेतलेली दर्शना पट्टीत केर काढत होती. कुंडलिक मला घेऊन मोगऱ्यापाशी बसले, पण कापत नव्हते. विहारात आता मुलांच्या हातात काय द्यायचे, हा प्रश्न कुणी विचारत नव्हते आणि तो प्रत्येकाच्या चेहऱ्यावर होता.

दशरथ भिंतीवरून वाकले, आणि वाकता वाकता थांबले. त्यांनी नाक वर केले.

"वास येता रे."

"मोगऱ्याचा असेल."

"माझ्या आयेच्या अनंताचो वास माका कळणा नाय? खंय आसा फूल?" ते पोटावर भिंतीवर झुकले आणि पावसाच्या पाण्याचा पाइप जिथे भिंतीला चिकटून खाली येतो तिकडे बोट दाखवून ओरडले, "हयसर! पाइपाच्या मागे! दर्शना, बघ गो!"

अनंताची एक फांदी पाइपामागे शिरली होती. तिच्या टोकाला तळहाताएवढे, दुधासारखे पांढरे फूल उमलले होते. एकच.

"बघा!" कुंडलिक उठले. त्यांचा आवाज मोकळा झाला. "झाड चांगलं आहे. मी म्हणत होतो ना, पाण्याचाच दोष."

दर्शना फुलाजवळ उभी होती. तिने पदर खांद्यावर सारखा केला. ती आता बोलणार हे मला तिच्या उभे राहण्यावरूनच कळले.

"मग या फांदीला कुठलं पाणी मिळालं, बाबा?"

"म्हणजे?"

"झाड एकच. कुंडी एकच. माती, खत, टँकर, सगळं तेच. मग ही फांदी फुलली आणि बाकीच्या नाही, असं का? या फांदीत आणि त्यांच्यात फरक काय आहे?"

हा प्रश्न नेमका कुंडलिक यांच्या भाषेतला होता. टूलरूममध्ये एक साचा बरोबर आणि दुसरा चूक निघाला की ते हेच विचारत, सगळे सारखे असताना वेगळे काय आहे? त्यांनी हात पुढे केला आणि फुललेली फांदी खालपासून वर चाचपली. टोकापर्यंत अखंड. मग शेजारची. टोकाला खुंट. तिच्या पलीकडची. खुंट. त्यांची बोटे एकेका फांदीवरून फिरली. ते मोजत होते.

"बावीस," ते म्हणाले.

नेहमी थट्टा करणारे दशरथही भिंतीवरून नुसते पाहत होते.

"पण पिठ्या होता."

"नव्हता, बाबा," दर्शना म्हणाली. "मी एक शेंडा लॅबमध्ये नेला होता. नुसत्या कळ्या होत्या त्यावर."

"जानेवारीत? आणि आज सांगतेस?"

"तेव्हाच सांगायला हवं होतं. चुकलं माझं."

"तिचं नाही, माझं," विमलाताई मध्ये आल्या. "मी तिला गप्प बसवलं. तुम्ही ताटावरून उठता म्हणून."

कुंडलिक यांनी मान फिरवली. ऊन भिंतीवरून तिरके येत होते. "मला दिसला होता, विमल. खोटं नाही सांगत. आत्ताही दिसतोय. तो बघ, सोनचाफ्यावर."

विमलाताईंनी वाद घातला नाही. त्यांनी नवऱ्याचे बोट धरले, सोनचाफ्याच्या त्या पानावर ठेवले आणि देठापासून टोकापर्यंत फिरवले. "काय लागलं बोटाला?"

कुंडलिक यांनी अंगठा त्या बोटावर घासला. केसाएवढी फट सांगणारे ते बोट होते. कीड असती तर तिचे पीठ त्यांना लागलेच असते. त्यांनी पुन्हा घासले. मग उजवा डोळा मिटून पाहिले, मग डावा मिटून पाहिले.

"काही नाही," ते म्हणाले.

ते मला हातात घेऊन मोगऱ्याच्या डब्याशी बसले. मग म्हणाले, "धोंडिरामचा डोळा दवाखान्यातच गेला."

धोंडिराम त्यांचा टूलरूममधला सोबती. बत्तीस वर्षांपूर्वी ग्राइंडरचा कण त्याच्या डोळ्यात उडाला होता. आमच्या घरात ऑपरेशनचा विषय निघाला की ही गोष्ट निघे आणि तिथेच संपे.

"अहो, अर्धीच का सांगता?" विमलाताई म्हणाल्या. "धोंडिरामभाऊजी आठ दिवस गुलाबपाणी घालत घरी बसले होते. 'जाईल आपोआप' म्हणत. तुम्हीच रोज सांगायचात, चल रे दवाखान्यात. नवव्या दिवशी गेले. डोळा दवाखान्यात गेला नाही, त्या आठ दिवसांत गेला."

कुंडलिक यांनी माझ्या पात्यावरून अंगठा फिरवला. मग त्यांनी विचारले, "दर्शना, डॉक्टरांचं ते पातं कशाचं असतं गं?"

"पोलादाचंच. अगदी लहान असतं. चीर अडीच-तीन मिलिमीटरची. मी विचारून आले होते डॉक्टरांना."

"अडीच-तीन." त्यांनी दोन बोटांत तेवढे अंतर धरून पाहिले. "आणि धार कोण लावतं?"

"धार लावत नाहीत, बाबा. एका माणसाला एकदा वापरतात आणि टाकून देतात."

"टाकून देतात?" ते खरोखरच दचकले. "चांगलं पातं?"

"तुका काय ता घराक आणूचा हा?" दशरथ भिंतीवरून म्हणाले, आणि या वेळी कुंडलिक यांच्या मिशीखाली काहीतरी हलले.

मित्रांनो, मला तेव्हा बोलता आले असते तर मी एवढेच म्हणाले असते. हत्याराला गंज चढला तर त्यात लाज नाही. तो पुसला नाही तर मात्र नुकसान आहे. चीक पुसा, तेलाचा थेंब द्या, धार बोथट झाली की पथरी काढा, आणि ज्याला दिसत नाही त्याने दिसत नाही असे सांगावे. घरात कात्री असो, झाड असो वा माणूस, सांभाळायचे असेल तर आधी नीट पाहावे लागते. मला माझ्या धारेचा अभिमान आहे. पण धार आणि नजर यांत मोठी कोण, असे विचाराल तर मी क्षणाचाही विचार न करता नजर म्हणेन. माझ्या धारेने बावीस शेंड्यांवरच्या कळ्या कापल्या. नजर असती तर एकही कापली गेली नसती.

विमलाताईंनी परडी उचलली. "एक तर एक. तेच फूल नेऊ. मुलं सगळी मिळून ठेवतील."

कुंडलिक उठले. मला घेऊन पाइपापाशी गेले, फांदी धरली, मला उघडले. आणि थांबले. माझी स्प्रिंग त्यांच्या मुठीत ताणलेली होती. मग त्यांनी मला मिटले, मूठ पुढे करून दर्शनाच्या हातात दिले. एकतीस वर्षांत त्यांनी मला दुसऱ्या कुणाच्या हातात दिले नव्हते.

"तू काप. मला पेर दिसत नाही."

दर्शनाने फांदी धरली. तिचा हात स्थिर होता. फूल परडीत पडले. दशरथ भिंतीवरून, विमलाताई परडीवरून आणि दर्शना माझ्यावरून नजर उचलून कुंडलिक यांच्याकडे पाहू लागले. त्यांनी तीन वर्षे गिळलेले वाक्य अखेर मोठ्याने उच्चारले.

"दर्शना, डॉक्टरांची तारीख घे. आधी डावा."